पुढच्या गुरुवारची सही

"मॅडम, आम्ही मुलीसमोर कधीच ओढत नाही. ती झोपली की गॅलरीत जातो. मग तिला काय फरक पडणार?"

मुलांची समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसत "एक जरा पर्सनल विचारायचं होतं" म्हणाला, की पुढचं मला ऐकू यायला लागतं. विचारणारे शिकलेले असतात, चांगल्या नोकरीत असतात, मुलांवर त्यांचा जीव असतो. दारू पिऊन धिंगाणा घालणारा बाप त्यांनी कुठेतरी जवळून पाहिलेला असतो आणि आपण तसे नाही, याचं त्यांना मनापासून समाधान असतं. गांजा ओढून कोणी ताट भिरकावत नाही, उलट माणूस शांत होतो. मला आज याच शांतपणाबद्दल लिहायचं आहे.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. भांग, गांजा, चरस यांपैकी काही ना काही वर्षभरात घेतलेले सुमारे ३ कोटी १० लाख लोक आपल्या देशात आहेत, असा त्यातला अंदाज. फक्त गांजा-चरस धरला तरी आकडा १ कोटी ३० लाखांच्या घरात जातो. ही काही सगळीच कॉलेजातली पोरं नसतात. यातली कितीतरी मंडळी संध्याकाळी घरी जाऊन मुलांचा अभ्यास घेतात.

माझ्याकडे आलेली मुलगी चौथीत होती. तिला इथे मीरा म्हणू. ओळख पटेल असं बाकीचंही सगळं बदललं आहे. आईवडील दोघं आयटीत, पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीत राहणारे. मीराच्या पोटात संध्याकाळी दुखायचं. बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या केल्या, काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी माझं नाव सुचवलं. आई तक्रार कमी आणि कौतुक जास्त करत होती.

"खूप समजूतदार आहे हो ती. हट्ट नाही, रडारड नाही. दप्तर आदल्या रात्री नाही, आदल्या दुपारीच भरून ठेवते. शेवटच्या क्षणी कधी काही मागत नाही."

माझे कान तिथेच टवकारले. अठ्ठावीस वर्षं मुलांसोबत काम केल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. नऊ वर्षांचं मूल वर्षभरात एकदाही रात्री दहा वाजता "आई, उद्या चार्टपेपर न्यायचाय" म्हणालं नसेल, तर त्या मुलाची काळजी करावी. दंगेखोर मुलाकडे घराचं लक्ष आपोआप जातं. समजूतदार मूल मात्र स्वतःची घडी घालून कपाटात ठेवतं आणि सगळे त्याचं कौतुक करतात.

तिसऱ्या भेटीत मीरा मला तिच्या शाळेच्या डायरीतले स्टिकर दाखवत होती. प्रत्येक पानावर खाली पालकाच्या सहीची रेघ असते. पानं उलटताना माझ्या लक्षात आलं, की आज मंगळवार आणि सह्या मात्र थेट पुढच्या गुरुवारपर्यंत झालेल्या आहेत. वरची पानं कोरी, खाली निळ्या शाईत बाबाची सही.

"या आधीच कशा गं?"

"मी घेऊन ठेवते. रविवारी संध्याकाळीच."

"रोज रात्री का नाही घेत?"

"नऊनंतर बाबा हळू होतो."

"हळू म्हणजे?"

तिने जरा विचार केला. "म्हणजे असतो, पण त्याला उशिरा ऐकू येतं. मी काही विचारलं की हसतो. मला तेव्हा हसायचं नसतं."

"आणि आई?"

"आई फक्त शनिवारी. शनिवारी मी पाण्याची बाटली आधीच उशाशी घेऊन झोपते."

"तू झोपतेस कधी?"

"आईने उदबत्ती लावली की डोळे मिटते."

उदबत्ती गांजाचा वास लपवायला लावली जायची. आईवडिलांना वाटत होतं, आपण मुलीपासून एक गोष्ट लपवतो आहोत. खरं तर मुलगीच त्यांच्यापासून लपवत होती, की तिला ती माहीत आहे. पोटदुखी साडेसातच्या सुमाराला सुरू व्हायची, म्हणजे नऊच्या आत सगळं उरकायची तिची घाई लागायची तेव्हा.

मी तिला विचारलं, "हे आईबाबांना तू सांगशील, की मी सांगू?" मुलांनी विश्वासाने सांगितलेलं त्यांना न विचारता मी कधी पुढे नेत नाही. (जिवाला धोका असेल तेव्हा न्यावंच लागतं, आणि हेही मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते.) मीरा म्हणाली, "तुम्ही नुसती डायरी दाखवा. मी बाहेर बसते."

पुढच्या भेटीला वडील तयारीने आले होते. "मी रोज सातला घरी असतो, मॅडम. माझे वडील रात्री अकराशिवाय उंबरा चढायचे नाहीत. मी तिच्यावर कधी आवाज चढवलेला नाही. आणि जगात कितीतरी ठिकाणी हे आता कायदेशीर आहे."

मी त्यांच्यासमोर डायरी उघडून ठेवली. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले.

"सही माझीच आहे," ते म्हणाले. मग बोटाने वरची तारीख दाखवत, "पण हा तर पुढचा गुरुवार."

मी बोलले नाही. नवखी होते तेव्हा अशा क्षणी मी घाईने समजवायला जायचे आणि क्षण वाया जायचा. त्यांनी पानं मागे उलटली. दर रविवारच्या सह्या एका दमात केलेल्या, एकाच पेनाने. बऱ्याच वेळाने ते बोलले, तेव्हा आवाज बारीक झाला होता.

"रविवारी ती माझ्या मांडीला टेकून बसते. एकेक पान पुढे करते, मी सही करतो. मला वाटायचं, लाडात आलीये."

मीराची आई तोवर रडायला लागली होती. तिने एवढंच विचारलं, "उदबत्तीचं पण कळतं तिला?"

मुलाच्या वागण्याचा अर्थ मी त्याच्या एकट्याच्या डोक्यात शोधत नाही, घरातल्या नात्यांमध्ये शोधते. माझी सगळी बैठकच ती आहे. मुलाला आईवडील चोवीस तास समोर लागत नाहीत. हाक मारली तर ओ मिळेल, एवढा भरवसा लागतो. ही ओ कोणत्या वेळी येणार नाही, हे मूल फार लवकर शिकतं आणि त्या वेळेपुरत्या आपल्या गरजा आवरून घेतं. मारहाण होणाऱ्या घरातलं मूल घाबरतं, ते दिसतं तरी. इथे मात्र मूल शहाणं होतं आणि हे शहाणपण त्याच्या पोटात दुखतं.

आता जे मी प्रत्येक पालकाला सांगते, ते इथेही सांगते. गॅलरीत ओढलं तरी धूर दार-खिडकीतून घरात येतोच, आणि गांजाच्या धुराच्या सहवासात राहिलेल्या लहान मुलांच्या लघवीत त्याचे अंश सापडलेले आहेत. खाण्यातला प्रकार तर जास्त धोक्याचा. भांगेची गोळी, ब्राउनी, किंवा जिथे विक्री कायदेशीर आहे तिथून, कॅनडा-कॅलिफोर्नियातून, कोणी सामानात घालून आणलेल्या गमीज, म्हणजे गांजाचा अंश घातलेल्या चघळायच्या गोळ्या, मुलांना खाऊच वाटतात. मुलाने चुकून असं काही खाल्लं आणि ते पेंगायला लागलं, तोल जायला लागला, तर झोप झाली की उतरेल म्हणून वाट बघू नका. थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना काय खाल्लं ते खरं सांगा. लाजेपायी तिथे गेलेला अर्धा तास मुलाच्या श्वासावर बेतू शकतो.

कायद्याचंही स्पष्ट असू द्या. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांग मिळते. तेवढ्यावरून गांजा चालतो असं होत नाही. तो ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्याच कायद्यात, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार होणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देण्याचीही तरतूद आहे. ज्यांना भीतीने मदत मागवत नाही, त्यांनी हे लक्षात ठेवावं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६.

मीराच्या वडिलांनी त्याच बैठकीत ठरवून टाकलं: "आजपासून बंद. मीराच माझ्यावर लक्ष ठेवेल." मी त्यांना तिथेच थांबवलं. आजवर जी मुलगी घड्याळावर लक्ष ठेवत होती, तिला आता बापाच्या खिशावर लक्ष ठेवायला सांगायचं? मुलाला पहारेकरी करू नका, कितीही प्रेमाने वाटलं तरी. लक्ष ठेवायला मी होते, मनोविकारतज्ज्ञ होते, बायको होती. शनिवारचं तिनेही त्याच दिवशी सोडलं.

मीराला काय सांगायचं, हे आम्ही तिघांनी बसून ठरवलं. वडिलांनी ते घरी, तिच्या पलंगाच्या काठावर बसून सांगितलं: "मी रात्री एक वाईट गोष्ट ओढायचो. तुला कळत होतं, ते मला कळत नव्हतं. यात तुझी काही चूक नाही. मी सोडायचा प्रयत्न करतोय, डॉक्टर मदत करतायत. तुला हे कोणापासून लपवायची गरज नाही." त्यांनी शपथा घेतल्या नाहीत. मीच घेऊ दिल्या नाहीत.

पहिले दोन आठवडे कठीण गेले. झोप उडते, भूक मरते, भलतीसलती स्वप्नं पडतात, चिडचिड होते. आयुष्यात पहिल्यांदा बाबा मीरावर खेकसला. ती मला म्हणाली, "मावशी, बाबा आधीच बरा होता." ऐकून वडील खचले. पण हे होणार, असं मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ते टिकले. पुढे एकदा मित्राच्या लग्नात घसरलेही, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला.

पाचव्या महिन्यात एका सकाळी मीराच्या आईचा फोन आला. आवाजात तक्रार होती. "काल रात्री दहाला, आम्ही दोघं झोपलेलो, हिने येऊन बाबाला हलवून उठवलं. म्हणे उद्या गुलाबी चार्टपेपर लागणार आहे. आठवडाभर माहीत होतं हिला! हा इतका वैतागला. सगळी दुकानं बंद. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे मिळाला, तोही पिवळा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पिवळा नको म्हणून रडत बसली."