भागीदारीच्या विक्रमांकडे बघताना

एकदिवसीय क्रिकेटमधल्या मोठ्या भागीदाऱ्यांची यादी पाठ करण्याआधी एक सवय लाव: प्रत्येक भागीदारी कितव्या विकेटसाठी आणि किती धावसंख्येवर सुरू झाली ते बघ.

सर्वांत मोठी भागीदारी वेस्ट इंडिजच्या गेल आणि सॅम्युअल्सची, ३७२. २०१५ चा वर्ल्ड कप, कॅनबेरा, समोर झिम्बाब्वे. पहिल्याच षटकात शून्यावर विकेट गेली आणि गेल डावाच्या शेवटच्या चेंडूवर बाद झाला. म्हणजे संघाची सगळी धावसंख्या या एकाच भागीदारीतली! आता बेरीज कर: गेल २१५, सॅम्युअल्स नाबाद १३३, होतात ३४८. उरलेल्या २४ अवांतर (वाइड, नो-बॉल, बाय वगैरेंच्या धावा). नवखे इथेच गोंधळतात. अवांतर धावा भागीदारीत धरल्या जातात.

आकड्यापुढे फुली (*) दिसली तर ती अभेद्य भागीदारी, म्हणजे दोघेही नाबाद राहिले. सलामीचा विक्रमही वेस्ट इंडिजच्याच कॅम्पबेल-होपचा, ३६५, आयर्लंडविरुद्ध २०१९ मध्ये. सचिन-द्रविडच्या हैदराबादच्या ३३१ तुला माहीत असतीलच.

पण खरी मजा खालच्या विकेटांत आहे, असं माझं मत. २०२३ ला वानखेडेवर अफगाणिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१, लक्ष्य २९२. मॅक्सवेल-कमिन्सनी आठव्या विकेटसाठी अभेद्य २०२ केल्या, त्यात कमिन्सच्या फक्त १२. (पायात गोळे आलेल्या मॅक्सवेलला धड पळताही येत नव्हतं.) १९८४ ला ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंडविरुद्ध वेस्ट इंडिजच्या रिचर्ड्स-होल्डिंगने शेवटच्या विकेटसाठी अभेद्य १०६ जोडल्या, होल्डिंगच्याही बाराच. त्या बारा धावांपेक्षा त्याने किती चेंडू खेळून काढले ते शोध.