रिपोर्ट बघून मला बरं वाटलं, ताई, मी वेडी आहे का?

"ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय. वय ३१, घरीच ब्लाऊज शिवते. दोन वर्षं झाली, उजवं मनगट दुखतंय. मुलगी वर्षाची होती तेव्हा सुरू झालं म्हणून सगळे बाळंतवात म्हणाले, निर्गुडीचं तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. एक्स-रे काढला तर क्लीन. वाताच्या रक्ताच्या टेस्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी तर विचारलं, घरात काही टेन्शन आहे का, त्या दिवसापासून सासूबाई म्हणतात हिचं दुखणं कामाच्या वेळेलाच येतं. शेवटी भावाने मिरजेला हाताच्या सर्जनकडे नेलं, एमआरआय केला, आणि कीनबॉक डिसीज निघाला, स्टेज दोन. मनगटातल्या एका हाडाचा रक्तपुरवठा बंद पडलाय म्हणे. ऑपरेशन सांगितलंय, पण ते कोपराखालचं चांगलं हाड कापणार आणि प्लेट टाकणार! दुखतंय एक आणि कापणार दुसरं, हे मला पटतच नाहीये. तारीख दिवाळीनंतरची आहे, आणि डिसेंबरात नणंदेचं लग्न. घरी ऑपरेशन सांगितलंय पण तारीख नाही सांगितली, सासूबाई म्हणतात लग्न होऊ दे मग बघू. आणि ताई, खरं सांगू, रिपोर्ट वाचून मला बाहेर बाकावर बसल्या बसल्या चक्क बरं वाटलं. आजार निघाला म्हणून कुणाला बरं वाटतं का?"

अगं, वाटतं. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या बाकापाशी थांबले. दोन वर्षं तू एकटीच सांगत होतीस की दुखतंय, आणि कागद, मशीन, डॉक्टर, घरचे सगळे सांगत होते की काही नाही, मग माणूस हळूहळू स्वतःवरच संशय घ्यायला लागतो की खरंच मीच कामचुकार आहे का, मलाच सहन होत नाही का. त्या दिवशी कुणीतरी पहिल्यांदा छापील कागदावर लिहून दिलं की हिचं खरं आहे. बरं वाटलं ते त्याचं. त्यात वेड्यासारखं काही नाही आणि लाजायचं तर त्याहून नाही.

माझा हात २०१६ मध्ये मोडला होता, मोरीत घसरून, मलाही मनगटाजवळ प्लेट आहे. पण माझ्यात आणि तुझ्यात एक मोठा फरक होता बघ. माझ्या हाताला पांढरं शुभ्र प्लास्टर होतं. शेजारची सुद्धा माझ्या हातातून कपबशी काढून घ्यायची. दूधवाला पातेलं आत आणून ठेवायचा. तुझ्या हाताला बाहेरून काहीच नाही, सूज पण थोडीशीच असेल, आणि त्या हाताने तू दोन वर्षं कणीक मळलीस, ओली चादर पिळलीस, कातरीने अस्तरं कापलीस. जमिनीवरून उठताना तळवा टेकला की मनगटाच्या मधोमध वरच्या बाजूला कळ येत असणार आणि तू मूठ वळून टेकून उठत असणार, बरोबर ना? या दुखण्यातल्या बायका असंच उठतात.

आता आजाराचं. मनगटात आठ छोटी हाडं असतात, चार-चारच्या दोन रांगा. कोपराच्या बाजूच्या रांगेत मधोमध जे बसतं ते ल्युनेट, चंद्रकोरीसारखं दिसतं म्हणून ते नाव. काही जणांच्या या हाडाला रक्त नेणाऱ्या वाटाच कमी असतात, आणि तिथे रक्त कमी पडलं की हाड आतून मरत जातं, आणि मग वरच्या भाराने ते चेपायला लागतं. कीनबॉक हे व्हिएन्नातले एक्स-रेचे डॉक्टर, त्यांनी १९१० मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव. आजार तसा कमीच दिसतो, साधारण विशी ते चाळिशीत, आणि बायकांपेक्षा पुरुषांना जास्त. आणि सुरुवातीला एक्स-रेवर काहीच दिसत नाही, अगदी काहीच नाही, एमआरआयलाच कळतं. म्हणजे तुझा पहिला एक्स-रे क्लीन आला तो खोटा नव्हता, पण त्यावरून 'काही नाही' म्हणणं चूक होतं. टेन्शन विचारणाऱ्या डॉक्टरांचा तुला राग येत असेल तर येऊ दे, तो बरोबरच आहे. फक्त तो राग ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेऊ नकोस, हे डॉक्टर वेगळे आहेत आणि यांनी शोधून काढलंय.

आणि हे नीट ऐक, तू काही केलंस म्हणून हे झालं असं नाही. नेमकं एकच कारण कुणालाही बोट ठेवून सांगता येत नाही, हाडांची ठेवण, रक्तवाहिन्यांची ठेवण, वर्षानुवर्षांचा भार, सगळं मिळून होतं. बाळंतपणात कान बांधला नाही, गार पाण्यात हात घातले, मोबाईल फार बघितला, यातलं काहीही कुणी म्हणालं तर सोडून दे.

चांगलं हाड का कापायचं, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. कोपर ते मनगट दोन हाडं असतात, अंगठ्याकडची रेडियस आणि करंगळीकडची अल्ना. मनगटावर जो भार येतो त्यातला साधारण ८० टक्के रेडियस घेते आणि बाकीचा अल्ना. तुझ्या रिपोर्टमध्ये अल्ना मायनस असं लिहिलं असणार बघ, काढून बघ, म्हणजे करंगळीकडचं हाड दुसऱ्यापेक्षा थोडं आखूड आहे. आता पालखीला एका बाजूला उंच भोई आणि दुसऱ्या बाजूला बुटका असला की काय होतं? सगळं वजन उंच भोयाच्या खांद्यावर. तुझं ते चंद्राचं हाड नेमकं त्या उंच भोयाच्या खांद्यावर बसलंय, आणि दोन वर्षं खालून वरून दाबलं जातंय. म्हणून डॉक्टर रेडियस दोन-तीन मिलिमीटर आखूड करतात, दोघं भोई एका उंचीला आले की भार वाटला जातो, त्या आजारी हाडाला दम मिळतो आणि त्यात परत रक्त यायची संधी मिळते. दोन-तीन मिलिमीटर म्हणजे किती, तर तुझ्या ब्लाऊजच्या हुकाच्या पट्टीवर जी बारीक शिलाई घालतेस ना, साधारण तेवढं. बाहेरून हात आखूड झालेला कुणाला दिसणार सुद्धा नाही. प्लेट आणि स्क्रू त्या कापलेल्या जागेचं हाड जुळेपर्यंत धरून ठेवायला.

हे ऑपरेशन तुला आत्ता का चालतंय माहितीये? कारण स्टेज दोनला हाडाचा आकार अजून शाबूत आहे. ते चेपलं, तुकडे झाले, आजूबाजूची हाडं सरकली, सांधा झिजला, की मग हाडांची एक रांगच काढून टाकणं किंवा मनगट कायमचं जखडून टाकणं असली ऑपरेशनं बोलायला लागतात.

आता लग्न. सासूबाई म्हणतात दोन महिने थांब, तर काय बिघडतं. एखादी बाई जर दोन महिने हाताला पट्टी बांधून, काहीही न उचलता नुसती बसणार असेल, तर ती डॉक्टरांना विचारू शकते की थांबू का, आणि कदाचित ते हो पण म्हणतील. पण तुझ्या घरात थांबणं म्हणजे काय आहे ते तू पत्रात लिहिलेलं नाहीस आणि तरी मला दिसतंय. नवरीचे ब्लाऊज तूच शिवणार, करवल्यांचे तूच, सासूबाईंचा, जावेचा, चुलत सासूचा, वर गिऱ्हाइकांची सीझनची ऑर्डर. रुखवताचे लाडू-करंज्या. पाहुणे आठ दिवस आधीपासून. म्हणजे ज्या हाडावरचा भार काढायचा म्हणून ऑपरेशन आहे त्याच हाडावर वर्षातला सगळ्यात मोठा भार टाकायचा आणि मग ऑपरेशनला जायचं. मला हे बिलकुल पटत नाही. माझं मत विचारशील तर दिलेली तारीख घे. तरी पण माझ्या मतापेक्षा सर्जनचं मोठं, म्हणून त्यांना हेच वाक्य जसंच्या तसं विचार, की साहेब, थांबले तर या हाताने दोन महिने एवढं एवढं काम होणार आहे, चालेल का. लग्नाची तारीख सांगून 'चालेल का' विचारू नकोस, काम सांगून विचार.

आणि एकटीने विचारू नकोस. नवऱ्याला घेऊन जा. भावाने नेलं हे फार चांगलं केलं, पण तुझ्या घरात अजून हा 'माहेरच्यांनी काढलेला आजार' आहे, कळतंय ना मी काय म्हणते? नवऱ्याने त्या खुर्चीत बसून, एमआरआयची फिल्म उजेडाला धरलेली बघून, ते एक हाड बाकीच्यांपेक्षा काळं दिसतंय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे. मग घरी आईला सांगायचं काम त्याचं. तू नाही सांगायचंस. तू सांगितलंस की ते सुनेचं कारण होतं, त्याने सांगितलं की तो डॉक्टरांचा निरोप होतो, हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही, पण आत्ता तुझ्याकडे घर सुधारायला वेळ नाही, हात वाचवायचा आहे.

सासूबाईंबद्दल मी फार कडक लिहिणार नाही. त्यांच्या पिढीतल्या बायकांनी गुडघे धरून, कंबर बांधून कामं ओढली, त्यांचं दुखणं कुणी विचारलं नाही, मग दुसरीचं दुखणं खरं मानणं त्यांना अवघड जातं. पण तारीख लपवू नकोस. दोन दिवस आधी कळलं तर तो अपमान लग्नभर पुरेल. आज-उद्याच सांगा, आणि सांगताना सोबत सोय पण सांगा. गिऱ्हाइकांना आत्ताच फोन करून नवीन कापड घेणं बंद कर, हातातली ऑर्डर गावातल्या दुसऱ्या शिवणारणीला मापांसकट दे, घरचे ब्लाऊज पण. वाटलं तर तू शेजारी बसून कटिंग दाखव, कातरी तिच्या हातात. पोळ्यांना महिना-दोन महिने बाई बघा किंवा विकत आणा.

पैशाचं तू काही लिहिलं नाहीस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का हे तारखेच्या आधीच विचारून घे.

बाकी काही बारीकसारीक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. भूल कुठली देणार ते विचार, बऱ्याचदा खांद्याजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करतात, आणि नंतर कितीतरी तास तो हात आपला वाटतच नाही, उशीवर कुणाचा तरी हात ठेवल्यासारखा पडलेला असतो, मी घाबरून नवऱ्याला उठवलं होतं रात्री, ते नॉर्मल असतं. बांगड्या घरूनच वाढवून जा, तिथे घाईत काचेच्या बांगड्या साबण लावून काढताना माझ्या सुजलेल्या हाताचे काय हाल झाले ते मलाच माहीत. पुढे बरेच दिवस त्या हातात काही जाणार नाही, लग्नात चुडा डाव्या हातात दुप्पट भर, आणि कुणी रिकाम्या हातावरून बोललं तर प्लास्टर दाखव. मिश्री किंवा तंबाखू असेल, अगदी दातांना सकाळी एकदाच लावत असशील तरी, डॉक्टरांना खरं सांग आणि आजपासून बंद कर, त्याने हाड जुळायला उशीर होतो. प्लास्टरमध्ये असताना बोटं हलवत राहायची, जितकी सांगतील तितकी, कारण नंतर आखडलेली बोटं सोडवणं हे ऑपरेशनपेक्षा जास्त रडवतं. हाड जुळायला साधारण दोन-तीन महिने धर, आणि मशीनवर पहिल्यासारखं बसायला त्याहून जास्त. फिजिओ बुडवू नकोस.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. या ऑपरेशनने मनगट नव्यासारखं होतं असं नाही. बहुतेकांचं दुखणं बरंच कमी होतं, पकड सुधारते, पण मनगट पूर्वीइतकं मागे-पुढे वाकेलच असं नाही, आणि अधूनमधून एक्स-रे काढून त्या हाडावर लक्ष ठेवावं लागतं. हे आधी माहीत असलं की तीन महिन्यांनी तळवा टेकून उठताना थोडं लागलं तर सगळं फुकट गेलं असं वाटणार नाही.

मुलगी आता तीन वर्षांची झाली असेल ना? या वयाची पोरं पळत येऊन आपल्या सवयीच्या बाजूला लटकतात. तिला आत्तापासूनच डाव्या बाजूने जवळ घ्यायची सवय लाव, रोज रात्री झोपताना तिला तुझ्या डाव्या कुशीत घे, म्हणजे दवाखान्यातून आलीस की ती आपली आपण त्या बाजूला येईल. आणि तारखेचं घरी काय ठरलं ते मला कळव, मी वाट बघतेय.

तुझी ताई