‘काला मोतिया’ला मराठीत काय म्हणावे?

इंदूरच्या लोकमान्य नगरातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, सासूबाईंना ‘काला मोतिया’ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तर मराठीत त्याला ‘काळा मोतीबिंदू’ म्हणावे का, आणि तो पिकेपर्यंत थांबायचे असते का. दुसरा प्रश्न पहिल्यातूनच निघाला आहे, म्हणून दोन्हींचे उत्तर एकत्र देतो.

‘काला मोतिया’ म्हणजे काचबिंदू. तो मोतीबिंदूचा प्रकार नव्हे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंगाची प्रथिने गोळा होऊन भिंग गढूळ होते, आणि ते काढून कृत्रिम भिंग बसवले की, डोळ्याचा बाकी भाग निरोगी असल्यास, पुन्हा स्वच्छ दिसते. काचबिंदूत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतील तंतू मरत जातात. असे तंतू प्रत्येक डोळ्यामागे सुमारे १० ते १२ लाख असतात आणि माणसात ते पुन्हा वाढत नाहीत. उंदरांतील एक विशिष्ट जनुक निकामी केल्यास हे तंतू काही अंतर पुन्हा वाढतात, असे २००८ साली दिसून आले. पण त्यातून रुग्णांसाठी उपचार अद्याप हाती आलेला नाही.

‘काळा मोतीबिंदू’ हे भाषांतर आणखी एका कारणाने टाळावे. फार जुना, कडक झालेला मोतीबिंदू खरोखरच गडद तपकिरी किंवा काळा होतो, आणि त्या शब्दांनी ऐकणाऱ्याला नेमका तोच वाटेल. शिवाय काचबिंदूच्या रुग्णाला डोळ्यापुढे काळे डाग दिसतात, असेही सहसा नसते. नजरेचा कडेचा भाग आधी जातो, आणि मेंदू ती पोकळी आजूबाजूच्या दृश्याने व दुसऱ्या डोळ्याच्या साहाय्याने इतकी बेमालूम भरून काढतो की बरेच नुकसान होईपर्यंत माणसाला काही जाणवतच नाही.

‘काच’ हा शब्द प्राचीन आयुर्वेदाचार्य वाग्भटांनी तिमिर (नजर अंधुक होणे) आणि लिंगनाश (दृष्टी जाणे) यांच्यामधल्या अवस्थेसाठी वापरला आहे, म्हणजे तिथे तो आजच्या मोतीबिंदूच्याच वाटेवर येतो. तेव्हा काचबिंदूचा अर्थ जुन्या ग्रंथावरून लावू नये.

आता क्रियापदांकडे वळू, कारण खरा घोटाळा तिथेच आहे. हिंदीच्या सहवासाने आपल्या इंदुरी मराठीत मोतीबिंदू ‘उतरतो’, शिवाय तो ‘पिकतो’ आणि ‘काढतात’. यांपैकी एकही क्रियापद काचबिंदूला लावू नये. काचबिंदू ‘होतो’ आणि ‘वाढतो’. थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया यांनी नसेला इजा करणारा डोळ्यातला दाब उतरवून त्याला ‘आवरतात’, आणि गेलेली नजर त्याने परत येत नाही. पिकण्याची वाट पाहण्याचा सल्ला आता मोतीबिंदूलाही लागू नाही, कारण चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली आणलेल्या अल्ट्रासाऊंडच्या पद्धतीत कडक भिंगापेक्षा मऊ भिंग काढणे सोपे जाते. सासूबाईंनी थांबू नये, आणि त्यांच्या मुलांनी व भावंडांनीही डोळ्यांचा दाब व नस तपासून घ्यावी, कारण रक्ताच्या नात्यात काचबिंदूचा धोका अधिक असतो.