पुराणकथेवरचा इंडी आरपीजी येतोय, ट्रेलर जबरदस्त आहे. आशा ठेवावी का, आणि पैसे आधी भरावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महाभारताच्या जगातला, सात-आठ जणांच्या टीमचा एक इंडी (मोठ्या कंपनीशिवाय बनवलेला) आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याची ताकद वाढवत खेळायचा गेम, येऊ घातलाय. ट्रेलरने तुम्ही भारावून गेलात, पण हे लोक खरंच तो पूर्ण करतील का ही शंका जात नाही, आणि आत्ताच पैसे भरावेत का हेही ठरत नाही. गेमचं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून अशा कुठल्याही गेमला लावून बघता येईल असं उत्तर देतो.

आशा जरूर ठेवा. पैसे मात्र डेमो हातात येईपर्यंत भरू नका. आणि ट्रेलरमध्ये देव, असुर, मंदिरं कशी दिसतात हे घटकाभर विसरून एखाद्या साध्या शिपायाशी चाललेली लढाई बघा. दोन-तीन कसलेले चित्रकार असले की छोटी टीमसुद्धा डोळे दिपवणारी दोन मिनिटं बनवू शकते. पण खेळताना तुमचे वीस तास जाणार ते त्या साध्या शिपायांशी लढण्यात, चालण्यात, बोलण्यात आणि वस्तू गोळा करण्यात.

ट्रेलर यूट्यूबवर ०.२५ वेगाने लावा. सलग दहा सेकंदांचा, मध्ये कट नसलेला, कोपऱ्यात जीवनपट्टी दिसणारा एक तरी तुकडा सापडतो का? तलवार लागते त्या क्षणी शत्रू मागे हटतो का, की पुतळ्यासारखा उभा राहतो? चांगल्या लढाईत घाव बसताना दोन्ही पात्रं क्षणभर थिजतात. साठ फ्रेमच्या गेममध्ये तीन ते सहा फ्रेम, म्हणजे सेकंदाचा विसावा ते दहावा भाग. एवढ्याशा थांब्यामुळे घावाला वजन येतं, आणि घाईत बनवलेल्या गेममध्ये नेमका तोच राहून गेलेला असतो. शत्रू वार करायच्या आधी खांदा मागे नेतो, पाय रोवतो, अशी आगाऊ खूण देतो का तेही बघा. ती नसेल तर चुकवणं नशिबावर जातं. आणखी एक गोष्ट: घोषणेचा ट्रेलर आणि वर्षभरानंतरचा ट्रेलर शेजारी ठेवा. दोन्हीत तोच पूल, तोच देवळाचा चौक, तोच राक्षस असेल, तर प्रकाशकांना दाखवण्यासाठी घोटून तयार केलेला पंधरा-वीस मिनिटांचा नमुना तेवढा बनलाय आणि बाकीचा गेम अजून कागदावर आहे अशी शक्यता मोठी.

माझ्या मते या सगळ्यापेक्षा मोठी शंका वेगळीच आहे: पुराणकथा गेमच्या नियमांत उतरलीय, की नुसती रंगरंगोटी आहे? आगीच्या बाणाला ‘आग्नेयास्त्र’ म्हटलं आणि नुकसान दहा टक्के वाढवलं, तर त्यात महाभारत काही आलं नाही. खरं तर आपल्या कथांमध्ये गेमचे नियम जवळजवळ तयार ठेवलेले आहेत. द्रोणपर्वातलं नारायणास्त्र घ्या. जितका प्रतिकार कराल तितकं ते भडकतं, आणि शस्त्रं खाली ठेवून रथातून उतरलं की शांत होतं. सगळी सेना शस्त्रं टाकते, भीम एकटा ऐकत नाही आणि अस्त्र त्याच्यावर केंद्रित होतं. ही अख्खी बॉस लढाई (मोठ्या, कठीण शत्रूशी होणारी लढाई) आहे: खेळाडूला दहा तास ‘मारा’ शिकवायचं आणि अकराव्या तासाला बटणावरून बोट उचलायला लावायचं, तेही सोबतचा भीम ऐकत नसताना.

किंवा कर्णाची वासवी शक्ती. कवचकुंडलं देऊन मिळवलेली, एकदाच वापरता येणारी, अर्जुनासाठी राखून ठेवलेली, आणि शेवटी चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचावर खर्च झालेली. आरपीजी खेळणारा प्रत्येक जण अशी एक दुर्मीळ वस्तू शेवटपर्यंत पिशवीत जपतो. गेम रचणाऱ्याने ती मधेच वापरायची वेळ आणली, तर कर्णाची कोंडी खेळाडूला स्वतःच्या अंगावर कळेल. हिरण्यकशिपूचा वर तर सरळ कोडंच आहे: ना दिवस ना रात्र, ना आत ना बाहेर, ना माणूस ना पशू. वर आणि शाप हे आपल्याकडचे नियम आहेत. तुमच्या गेमच्या टीमच्या मुलाखतीत ‘पाचशे शस्त्रं, प्रचंड नकाशा’ याखेरीज असा एखादा नियम ऐकू आला, तर तो मला कुठल्याही ग्राफिक्सपेक्षा भरवशाचा वाटेल.

हे इतरांनी करून दाखवलंय. सुपरजायंट गेम्सच्या ‘हेडीस’मध्ये ग्रीक देव जे वर देतात त्यातून त्यांचा स्वभाव कळतो: पोसायडनचा घाव शत्रूला लाटेसारखा ढकलून देतो, झ्यूसची वीज एकावरून दुसऱ्यावर उडते. ‘द बॅनर सागा’ नॉर्स वळणाचा. त्यात योद्ध्याची ताकद आणि त्याचा जीव हा एकच आकडा आहे, म्हणून जखमी माणसाचा घावही दुबळा होतो, आणि दमल्या-भागल्या ताफ्याची कथा लढाईच्या पटावरही दिसते. रशियातल्या पेर्म भागाच्या लोककथांवरचा ‘ब्लॅक बुक’ (२०२१) पत्त्यांनी लढायचा आरपीजी आहे. त्यात भुताखेतांची माहिती नीट वाचलेली असेल तर पुढे तुम्हाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं येतात, म्हणजे लोककथा माहीत असणं हीच तिथे कमाई.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’. तो २०२० च्या ऑगस्टमध्ये निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आणि ऑक्टोबरमध्ये इतरत्र आला. तो आरपीजी नाही, ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे, पण तुमच्या शंकांना अगदी लागू पडतो. देवाला बाहुला करून नाचवायचा अवघड प्रश्न त्यांनी छान सोडवला: आपण खेळतो ती एक साधी मुलगी, दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात आणि तिला शस्त्रं देतात. राजस्थानी वाड्यांची धाटणी, छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या कथा, सगळं मनापासून केलेलं. उणिवा मात्र जिथे छोट्या टीमच्या असतात तिथेच: स्थिर कॅमेऱ्यामुळे उडीचा अंदाज चुकतो, लढाई पुढे एकसुरी होते, गेम साधारण पाच-सहा तासांत संपतो आणि कथा ऐन भरात तुटते. तरी माझ्या लेखी त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता. पाच तासांचा पूर्ण झालेला गेम चाळीस तासांच्या अर्धवट आश्वासनापेक्षा कधीही बरा.

म्हणून टीमचा आकार आणि वचनं यांचा मेळ घालून बघा. बोललेले संवाद मिनिटाला साधारण १३० ते १५० शब्दांनी जातात. पाच तासांचे संवाद म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हजार शब्द. चार भाषांत ध्वनिमुद्रण करायचं तर आकडा दीड लाखाच्या पुढे जातो. आरपीजीत खेळाडूच्या निवडीप्रमाणे संवादांना फाटे फुटतात ते वेगळेच. आठ जणांची टीम ‘खुलं जग, प्रत्येक निवडीचा परिणाम, चार भाषांत आवाज’ हे तिन्ही एकदम सांगत असेल, तर त्यातलं निदान एक तरी गळणार असं धरून चाला. टीमने आधीच ‘फक्त एक नगर, बारा तास, आवाज एकाच भाषेत’ असं स्वच्छ सांगितलं असेल तर माझा विश्वास वाढतो.

आता पैशांचं. किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ निधी गोळा करायच्या संकेतस्थळावर) दिलेली रक्कम ही खरेदी नसते, हातभार असतो. लक्ष्य गाठलं नाही तर तुमचे पैसे कापले जात नाहीत. गाठलं तर शुल्कं वजा होऊन रक्कम टीमकडे जाते, आणि पुढे गेम आला नाही तर परतीची खात्री नसते. लक्ष्य गाठलं म्हणजे वेळेवर येईल असंही नाही: ‘द बॅनर सागा’ने २०१२ मध्ये एक लाख डॉलर मागितले आणि सात लाखांहून जास्त मिळाले. अंदाज त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा होता, पहिला भाग आला जानेवारी २०१४ मध्ये आणि तीन भागांची कथा पुरी झाली २०१८ मध्ये. म्हणजे जास्त पैसे आले की कामही फुगतं. उलट ‘राजी’ची २०१७ ची मोहीम लक्ष्यापर्यंत पोचली नव्हती, तरी गेम आला.

अर्ली ॲक्सेस (गेम पूर्ण व्हायच्या आधीच विकत देणं) असेल तर स्टीम या गेम विकणाऱ्या दुकानातल्या त्याच्या पानावर टीमने दिलेली उत्तरं वाचा: किती काळ, आत्ता किती तयार आहे, पुढे किंमत वाढणार का. मग बातम्यांच्या भागात अपडेटच्या तारखा ताडून बघा. ‘हेडीस’ डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२० असा अर्ली ॲक्सेसमध्ये होता आणि मोठे अपडेट नियमित येत राहिले. सहा महिने शांतता असेल तर हात आखडता घ्या. आत्ता काही करायचंच असेल तर स्टीमच्या विशलिस्टमध्ये (हवे असलेल्या गेमच्या यादीत) टाका. ते फुकट असतं आणि छोट्या टीमला खरा उपयोग त्याचाच होतो.

स्टीमवर आधी विकत घेतलेला गेम प्रकाशनापूर्वी केव्हाही परत करता येतो. नंतर खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर. गेम बंद न करता नुसता थांबवून जेवायला गेलात तरी स्टीम ती मिनिटं मोजतं. आरपीजीत शिकवणीच दीड तास चालते, त्यामुळे ही मुदत फसवी आहे. ‘ॲडव्हान्स्ड ॲक्सेस’मध्ये (प्रकाशनाच्या तारखेआधी खेळायची मुभा) आधी खेळलेला वेळही त्यात धरतात.

स्टीम नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या गेमचे डेमो खेळायचा स्टीमवरचा उत्सव, वर्षातून तीनदा होतो, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये. डेमो बहुधा तिथे मिळेल. तो असा खेळा. एकच अस्त्र लागोपाठ दोनदा सोडा: पहिल्यांदा गेम अडखळला आणि दुसऱ्यांदा सुरळीत चालला, तर शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) आयत्या वेळी तयार होतायत, हे दुरुस्त करता येतं. दोन्ही वेळा अडखळला तर तुमच्या ग्राफिक्स कार्डावर ताण येतोय. चार जीबीचं कार्ड असेल तर आधी टेक्स्चरचा (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांचा) दर्जा खाली आणा, सावल्या नंतर. कौशल्यांचं पान उघडा: निवडींमुळे नवीन काही करता येतं की फक्त ‘पाच टक्के जास्त’? एका संवादात उलट उत्तर देऊन बघा, पुढची एकच ओळ बदलते की प्रसंग बदलतो. मेल्यावर परत लढाईत यायला दहा सेकंदांहून जास्त लागत असतील तर कठीण बॉसवर जीव नकोसा होईल.

आणि देवनागरी मजकूर असेल तर तो निरखून वाचा. अक्षरजुळणी नीट बसवलेली नसेल तर ‘शिव’ची वेलांटी श आणि व यांच्या मध्ये जाऊन ‘शवि’ दिसतं, ‘कर्ण’चा रफार न चढता ‘कर्‌ण’ होतो. गेम बनवायच्या युनिटी या इंजिनातल्या टेक्स्टमेश प्रो या मजकूर दाखवणाऱ्या साधनात हा घोळ हमखास होतो, अनरियल या दुसऱ्या इंजिनात बराच कमी. मराठी भाषांतर असेल तर ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, आणि ‘ऱ्या’ बरोबर उमटतो का, तेही तपासा. काही चुकलेलं दिसलं तर स्क्रीनशॉट, तोच शब्द टाइप करून, गेमचा आवृत्ती क्रमांक आणि तो कुठल्या खिडकीत दिसला हे टीमला लगेच कळवा. देवनागरीला ओळींमध्ये जास्त उंची लागते, नाहीतर वरच्या मात्रा कापल्या जातात. संवादाच्या खिडक्यांची मापं एकदा पक्की झाली की मग फाँट बदलणं त्यांना फार जड जातं.