चेहऱ्यावर लिंबू-मध लावून डाग जातात का? दोन आठवडे झाले, काहीच फरक नाही

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री लिंबू-मध लावताय, सकाळी उपाशीपोटी फळांचा ज्यूस घेताय, तरी डाग तसेच आहेत आणि वर चेहऱ्याची आग होतेय, मग चालू ठेवू की बंद करू. लिंबू आजच बंद करा. बाकीचं सावकाश सांगते.

एवढं ठामपणे सांगतेय कारण मी स्वतः यातून गेलेय. कॉलेजला असताना मुरमांचे डाग जावेत म्हणून लिंबाची फोड गालावर आणि मानेवर चोळली आणि तशीच केस वाळवायला उन्हात बसले, अर्धा तास असेल. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आग सुरू झाली, तिसऱ्या दिवशी मानेवर पाण्याचे फोड, रस जिथून ओघळला होता अगदी त्याच रेषेत, आणि फोड बसल्यावर जो काळपट पट्टा राहिला तो जायला चार-पाच महिने लागले. स्किनच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, लिंबू लावलं होतं का? लिंबाच्या रसात, आणि सालीत तर जास्तच, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती अंगावर असताना उन्हातले यूव्हीए किरण पडले की त्वचा भाजल्यासारखी होते. हे लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी होतं, म्हणून लिंबाचा संशयच येत नाही कुणाला. तुम्ही रात्री लावताय ते त्यातल्या त्यात बरं, पण ऊन नसलं तरी लिंबाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) साधारण 2 ते 2.5 आणि आपल्या त्वचेचा 5 च्या आसपास, आणि हा आकडा एकाने खाली आला की आम्लता दहापट होते. म्हणजे तुम्ही रोज त्वचेपेक्षा शेकडो पटीने आंबट काहीतरी रात्रभर लावून झोपताय, आग होणारच ना.

पण लिंबात व्हिटॅमिन सी असतं असं म्हणाल, तर असतंच, आणि त्वचेला ते लागतंच, कारण त्याशिवाय शरीराला धड कोलेजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) बनवता येत नाही. फक्त ते पोटातून जायला हवं. 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही (व्हिटॅमिन सी कमी पडल्याने होणारा आजार) झालेल्या 12 खलाशांवर वेगवेगळे उपाय करून बघितले, दोघांना संत्री आणि लिंबं खायला दिली आणि तेच दोघं सगळ्यात लवकर बरे झाले. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या भरलेल्या जखमासुद्धा परत उघडतात, इतकं त्या एका जीवनसत्त्वावर अवलंबून असतं. दुकानात मिळणाऱ्या व्हिटॅमिन सी सीरमचा फॉर्म्युला वेगळा असतो, लिंबाचा रस म्हणजे सीरम नव्हे.

आता ज्यूस. ज्यूसपेक्षा अख्खं फळ चावून खा प्लीज. गाळलं की चोथा जातो, साखर राहते, आणि तीन-चार संत्र्यांचा रस दोन मिनिटांत पिऊन होतो, तेवढी संत्री आपण एका वेळी खाल्ली असती का? आंबट रस प्यायल्यावर लगेच ब्रश पण करू नका, आम्लाने दातांचं इनॅमल थोडा वेळ मऊ झालेलं असतं, चूळ भरा आणि अर्धा तास थांबा. फळं-भाज्या मिळून दिवसाला निदान 400 ग्रॅम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते गाठायला बघा. गाजराबरोबर थोडं तेल-तूप पोटात जाऊ द्या कारण त्यातलं बीटा कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळतं, आणि टोमॅटो चेहऱ्यावर चोळण्यापेक्षा तेलात शिजवून खाल्लेला चांगला, त्यातलं लायकोपीन तसं जास्त मिळतं. (गाजरं रोज ढीगभर खाल्ली तर तळहात पिवळट दिसायला लागतात, घाबरू नका, कमी केली की जातं.) कोलेस्टेरॉलची वगैरे गोळी चालू असेल तर ग्रेपफ्रूट डॉक्टरांना विचारूनच, काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं. किडनीचा त्रास असेल तर पालकाचे हिरवे ज्यूस स्वतःच्या मनाने अजिबात नको.

लावायचंच असेल तर मी ओट्स सांगेन. बारीक दळून कोमट पाण्यात भिजवून दहा मिनिटं, चोळायचं नाही. कोरड्या, खाज सुटणाऱ्या त्वचेला खरंच शांत वाटतं, मी अजून वापरते. काकडी गार ठेवून लावली तर छान वाटतं, पण ती जवळपास 95 टक्के पाणी आहे, डाग जातील अशी अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका. कोरफड घरची असेल तर कापल्यावर उभी ठेवून पिवळा चीक निथळू द्या, त्याची खाज येते, आतला पारदर्शक गर तेवढा घ्या. कच्च्या पपईचा चीक तर चेहऱ्याला लागूच देऊ नका. आणि काहीही नवीन असलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस बघा.

दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका, त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाच चार ते सहा आठवडे जातात, आणि डाग तर त्याहून हळू फिके होतात. त्या काळात सनस्क्रीन लावत राहा, कारण ऊन लागत राहिलं की फिका होत आलेला डाग पुन्हा गडद होतो. सध्या आग होतेय तोवर मात्र काहीच प्रयोग नको, साधा सौम्य फेसवॉश आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर, बास. दोन-तीन दिवसांत आग थांबली नाही किंवा फोड आले तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा आणि लिंबू लावत होते हे आधी सांगा.