स्नायूची दुरुस्ती आणि जनुके

प्रश्न : इजा झालेला स्नायू पुन्हा भरून येतो, त्यात जनुकांचा वाटा कोणता?

उत्तर : स्नायुतंतूंच्या कडेला, बाह्य आवरणाखाली, उपग्रह पेशी (स्नायूच्या मूलपेशी) सुप्तावस्थेत असतात, शास्त्रज्ञ अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये त्यांचे वर्णन केले. पॅक्स-७ या जनुकामुळे त्यांचे मूलपेशीपण, म्हणजे गरजेनुसार नव्या पेशी घडवण्याची क्षमता, टिकते. इजा होताच त्या जाग्या होऊन विभागू लागतात, मायो-डी हे जनुक त्यांना स्नायुपेशी होण्याच्या मार्गाला लावते आणि पुढे मायोजेनिन हे जनुक कार्यरत झाल्यावर त्या विभाजन थांबवून एकमेकींशी किंवा जखमी तंतूशी एकजीव होतात. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की काही पेशी मायो-डी पुन्हा बंद करून सुप्तावस्थेत परततात. त्यामुळेच पुढच्या इजेसाठी त्यांचा साठा शिल्लक राहतो.