कपाटातलं श्रवणयंत्र

प्रिय,

तुझा आराखडा दोनदा वाचला. स्वस्त श्रवणयंत्राची कल्पना पक्की आहे, तिच्याबद्दल मला शंका नाही. खटकलं ते शेवटचं पान. 'धंदा स्थिरावल्यावर नफ्यातला काही वाटा समाजासाठी', असं तू लिहिलं आहेस. म्हणजे आधी कमवायचं, मग वाटायचं. मला वाटतं, ही फारकतच चुकीची आहे.

1976 साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी 58व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी मदुराईत 11 खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी त्याच हातांनी ते शस्त्रक्रिया करत. हे झालं उद्योजकाचं धाडस. पण त्यांची व्यूहरचना बघायची तर शस्त्रक्रियेची खोली बघ. एका सर्जनसाठी दोन टेबलं. एकावर मोतीबिंदू काढला जात असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार असतो. हातातलं काम संपलं की डॉक्टर तिकडे वळतो. तपासणी, औषधाचे थेंब, पट्टी ही कामं प्रशिक्षित मुली सांभाळतात. त्यामुळे डॉक्टरचा वेळ वाया जात नाही, संख्या वाढते, दर शस्त्रक्रियेमागचा खर्च उतरतो. पैसे देणाऱ्यांच्या जोरावर बाकीच्यांवर मोफत किंवा नाममात्र दरात उपचार होतात. आणि मोफत येणारा रुग्ण तिथे ओझं नसतो, कारण त्या संख्येवरच डॉक्टरचा हात बसतो. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची भिंगं परदेशातून आणणं महाग पडत होतं, म्हणून 1992 मध्ये ऑरोलॅब हा कारखाना काढून ती स्वतःच बनवायला घेतली.

यातली एक गोष्ट तुझ्या फार कामाची आहे. सुरुवातीला शस्त्रक्रिया फुकट असूनही गावागावांतून पुष्कळ माणसं येतच नसत. प्रवास कोण करणार, सोबत कोण येणार, बुडालेल्या मजुरीचं काय? रुग्णालयाने ने-आण आणि जेवणाची सोय केली, तेव्हा माणसं आली.

तुझ्या आराखड्यात सगळा भर किमतीवर आहे. पण कितीतरी श्रवणयंत्रं घेतल्यावर काही महिन्यांत कपाटात जाऊन पडतात. कानात नीट बसत नाही, गर्दीत नुसता गोंगाट ऐकू येतो, बॅटरी बदलताना थरथरत्या बोटांतून निसटते. विक्री झाली, पण ऐकू कुणाला आलं? म्हणून यंत्र विकण्याऐवजी दरमहा भाड्याने देता येईल का, ते बघ. माणसाने वापरणं थांबवलं की तुझं उत्पन्नही थांबेल. मग नीट बसवून देणं, आवाज पुन्हा जुळवणं, चौकशीचा फोन करणं हाच तुझा धंदा होईल, आणि लोकांचं भलंही त्यातच होईल. सुरुवातीला भांडवल जास्त अडकेल, हे खरं. त्यासाठी कमी गावं घे.

हे इतकं कळकळीने लिहितोय, कारण माझ्या पहिल्या धंद्यात मी दिसेल त्या संधीमागे धावलो. दोन वर्षांत चार वेगवेगळी उत्पादनं काढली, एकही तडीस नेलं नाही. शेवटी कामावरच्या माणसांना घरी पाठवावं लागलं. त्यांचे चेहरे अजून आठवतात.

पुढचा आराखडा पाठवण्याआधी दहा वापरणाऱ्यांच्या घरी जाऊन ये. यंत्र कानात आहे की कपाटात, एवढंच लिहून आण. मग बसू.

तुझा,
काका